खालशाच्या दारी आलेला परका : नांदेडच्या निमित्ताने

मराठवाड्यातील आपल्या धर्मग्रामांत राहणाऱ्या भाविकांना शीख बांधव काही नवे नाहीत. नांदेडच्या सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब या तख्ताच्या दर्शनासाठी वर्षभर पंजाबातून गाड्या भरून यात्रेकरू येतात. लंगरच्या पंगतीत आपल्यापैकीही अनेकजण जेवून आले असतील. परंतु जन्माने शीख नसलेल्या माणसाला त्या समाजात प्रवेश मिळतो का, आणि मिळाल्यावर त्याला कसे वागविले जाते, हा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. ज्यांच्या घरी दोन-तीन पिढ्यांपूर्वी स्नानसंस्कार झाला, अशा कुटुंबांतूनच तो बहुधा येतो, हे आम्ही मुद्दाम नोंदवितो.

या प्रश्नाचे पहिले उत्तर नांदेडलाच गोदावरीच्या घाटावर सापडते. इ. स. 1708 मध्ये दहावे गुरू गोविंदसिंग नांदेडला आले, तेव्हा तेथे माधोदास नावाच्या एका बैराग्याचा मठ होता. मूळचा जम्मू प्रांतातील राजौरीचा हा मनुष्य वैष्णव साधू होऊन दक्षिणेत स्थिरावला होता. गुरूंच्या भेटीनंतर तो त्यांचा ‘बंदा’ झाला आणि पुढे बंदासिंग बहादूर या नावाने इतिहासात गेला. गुरूंनी त्याला स्वतःच्या भात्यातील पाच बाण दिले, पाच अनुभवी शीख सल्लागार म्हणून सोबत दिले आणि पंजाबच्या मोहिमेवर पाठविले. कालपरवा आलेल्या माणसाच्या हाती जुन्या जाणत्या शिखांचे नेतृत्व गेले. इ. स. 1710 मध्ये त्याने सरहिंद जिंकले आणि 1716 मध्ये दिल्लीत त्याला हाल करून मारण्यात आले. नांदेडचा बंदाघाट गुरुद्वारा आजही त्याची आठवण सांगतो.

याहून नऊ वर्षे मागे जाऊ. इ. स. 1699 च्या वैशाखीला पंजाबातील आनंदपूर येथे गुरूंनी खालसा पंथाची स्थापना केली. शिर देण्यास पुढे आलेले पाचजण म्हणजेच ‘पंचप्यारे’. परंपरा सांगते, की त्यांत एक खत्री, एक जाट, एक पाणक्या, एक कापडावर छपाई करणारा आणि एक न्हावी होता. न्हावी असलेले भाई साहिबसिंग हे बीदरचे. आमच्या लातूर जिल्ह्यातील वाचकांना हे ठाऊक असावे, कारण उदगीरच्या शिवेपलीकडे बीदरच तर आहे! पाचांना अमृत दिल्यावर गुरूंनी त्यांच्यासमोर हात जोडले आणि त्यांच्याकडून स्वतः अमृत घेतले. दीक्षा देणारा गुरूच दीक्षार्थी झाला, असा प्रसंग धर्मांच्या इतिहासात विरळा.

आता विधीकडे वळू. 1945 साली मान्य झालेल्या ‘शीख रहत मर्यादे’नुसार कोणत्याही देशाच्या, धर्माच्या वा जातीच्या स्त्री-पुरुषास अमृत घेता येते. तो अजाण बालक नसावा, अंगावर अन्य धर्माचे चिन्ह नसावे, आणि केश, कंगवा, कडे, कच्छा व कृपाण ही पाच चिन्हे त्याने धारण केलेली असावीत. श्री गुरू ग्रंथसाहिबासमोर पाच अमृतधारी शीख लोखंडी पात्रात पाणी व बत्तासे घालून, दुधारी खंड्याने ते ढवळीत पाच बाण्यांचा पाठ करतात. मग ते अमृत प्रत्येकाच्या ओंजळीत पाच वेळा दिले जाते, डोळ्यांवर व केसांवर शिंपडले जाते आणि उरलेले सर्वांनी त्याच एका पात्रातून प्यायचे असते. ज्या समाजात पाणवठेही वेगळे होते, तेथे एका पात्राला ओठ लावणे म्हणजे काय, हे मराठवाड्यातील माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यानंतर नव्या अमृतधाऱ्यास सांगितले जाते, की आजपासून तुझा पिता गुरू गोविंदसिंग, तुझी माता साहिबकौर, तुझे जन्मस्थान केसगढ आणि तुझे गाव आनंदपूर. पुरुषाच्या नावापुढे सिंग व स्त्रीच्या नावापुढे कौर लागते. जुने कुळ, जुना व्यवसाय आणि जुनी जात तेथेच संपली असे मानले जाते. केस कापणे, तंबाखू सेवन, परस्त्री वा परपुरुषगमन आणि हलाल पद्धतीचे मांस ही चार मोठी पातके वर्ज्य ठरतात. त्यांपैकी एखादे घडले तर पुन्हा अमृत घ्यावे लागते.

येथे एक गोष्ट आमच्या मनात भरली. बाहेरून येणाऱ्यासाठी शिखांकडे निराळा विधी नाही. शीख मातापित्यांच्या पोटी जन्मलेल्यालाही खालसा व्हायचे तर हेच अमृत, हेच पाच प्यारे, हीच शपथ. आपल्याकडे बालकाच्या स्नानसंस्काराची वाट वेगळी आणि प्रौढ दीक्षार्थीची वेगळी, टप्प्याटप्प्यांची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1972 साली ती पुन्हा रूढ झाली. दोन्हींमागे आपापले तर्क आहेत. परंतु शीख पद्धतीत जन्मजात शीखसुद्धा त्या क्षणी नवागताच्या रांगेत बसतो. अमृत न घेताही कोणी वर्षानुवर्षे संगतीत बसावे, कीर्तन ऐकावे, लंगरमध्ये सेवा करावी. त्याला कोणी घाई करीत नाही.

विधीची गोष्ट अशी. संसाराची गोष्ट मात्र सरळ नाही.

पंजाबचे महाराजा रणजितसिंग यांनी 1832 च्या सुमारास निजामाच्या मदतीस शीख सैन्य पाठविले. त्यांतील बरेचजण दक्षिणेतच राहिले आणि अनेकांनी स्थानिक स्त्रियांशी संसार थाटले. या स्त्रिया अमृत घेऊन कौर झाल्या. त्यांचे वंशज ‘दख्खनी शीख’ म्हणून ओळखले जातात. तीन तख्ते पंजाबात असली तरी आपण याच मातीतले शीख आहोत, याचा त्यांना अभिमान आहे. पण ‘दख्खनी’ हे विशेषण पुसले गेलेले नाही. शस्त्रे घडविणारे व त्यांना पाणी देणारे सिकलीगर हेही शीखच. त्यांची वस्ती बहुधा वेगळी आणि सोयरीक आपसांत. रहत मर्यादा सांगते, की विवाह ठरविताना जात पाहू नये. लग्नाच्या बैठकीत ती किती पाहिली जाते, हे आपण आपल्या अनुभवावरून ताडावे. पंगतीत बसविणे सोपे, सोयरा करणे कठीण.

अमृतसरला 12 ऑक्टोबर 1920 रोजी हा विरोध उघडा पडला. दलित समाजातून अमृत घेतलेले काही शीख कडाह प्रसाद घेऊन सुवर्णमंदिरात गेले. पुजाऱ्यांनी तो स्वीकारण्यास नकार दिला. वाद वाढला, तेव्हा ग्रंथसाहिब उघडून कौल घेण्याचे ठरले. निघालेले वचन नाकारल्या गेलेल्यांच्या बाजूचे होते आणि पुजाऱ्यांना प्रसाद घ्यावा लागला. मग संगत अकाल तख्ताकडे वळली, तर तेथील पुजारी जागा सोडून गेले होते. याच घटनेतून महिनाभरात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती उभी राहिली. नवागतांना अडविणाऱ्यांच्याच हातून मंदिराचा कारभार गेला!

या गोष्टीकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेही लक्ष होते. 1935 च्या येवल्याच्या घोषणेनंतर त्यांनी शीख धर्माचा गांभीर्याने विचार केला. एप्रिल 1936 मध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेस गेले. मुंबईत माटुंग्याचे खालसा कॉलेज 1937 साली सुरू झाले, त्यामागेही हाच संबंध होता. अखेर 1956 साली त्यांनी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला आणि मराठवाड्यातील बहुसंख्य दलित समाज त्याच वाटेने गेला.

अमृत घेतल्याने जात जाते काय, या प्रश्नाचे शासनाने दिलेले उत्तर निराळे आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने पंजाबातील मजहबी, रामदासी, कबीरपंथी व सिकलीगर या चार शीख जातींना अनुसूचित मानले. 1956 साली ही सवलत सर्व दलित शिखांना मिळाली, 1990 साली बौद्धांना. ख्रिस्ती दलितांना ती आजवर नाही. म्हणजे लातूर वा नांदेडच्या एखाद्या मातंग कुटुंबाने अमृत घेतले तर त्यांच्या मुलांचा अनुसूचित जातीचा दाखला कायम राहतो. स्नानसंस्कार घेतला तर तो जातो. या विषयाच्या तपासणीसाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात धर्माचा रकाना भरताना आपल्या धर्मग्रामांतील मुलांची लेखणी का अडखळते, ते त्यावरून कळावे.