एका प्रश्नाचे उत्तर

मी काही चळवळ्या माणूस नव्हे. वर्गात मराठी शिकवावे, उत्तरपत्रिका तपासाव्यात आणि संध्याकाळी बाजारातून कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी यावे, असा परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझा वर्षानुवर्षांचा क्रम. असा गृहस्थ समलिंगी माणसांच्या हक्कांच्या कामात कसा पडला, असे वाचकांपैकी कोणी विचारील. त्याला कारण एक प्रश्न. तो मला विचारला गेला आणि मी त्याचे उत्तर दिले नाही.

गोष्ट २०१३ च्या डिसेंबरातली. बी. ए. च्या वर्गात तेंडुलकरांच्या नाटकांतील स्त्रिया शिकवीत होतो. ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. त्यातली नायिका एका मुलीवर प्रेम करते, हे मला पुरते ठाऊक होते. पण वर्गात ‘एका एकाकी स्त्रीची शोकांतिका’ एवढे म्हणून मी वेळ मारून नेली. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक अबोल मुलगा व्हरांड्यात माझ्याजवळ आला.

“सर, नाटक मी वाचलंय. मित्रासारखा एखादा मुलगा असला, तर तो आता गुन्हेगार का?”

त्याच आठवड्यात, ११ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला होता. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमातून दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली प्रौढांचे संमतीचे खासगी संबंध वगळले होते. या निकालाने ते पुन्हा गुन्हा ठरले. मुलगा स्वतःविषयीच विचारीत होता, हे न कळण्याइतका मी भोळा नव्हतो. मी म्हणालो, “परीक्षा जवळ आली आहे. अभ्यासाकडे लक्ष दे.”

फेब्रुवारीत त्याचा बाक रिकामा झाला. घरी लग्नाची बोलणी सुरू झाली आणि तो रातोरात पुण्याला निघून गेला, एवढेच कळले.

पुढे एका व्याख्यानासाठी रघुनाथ धोंडो कर्वे वाचायला घेतले. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. वाचक कामजीवनाविषयी जे विचारीत, त्याला ते छापून उत्तर देत. समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नालाही त्यांनी असेच उत्तर दिले, आणि अशा उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्व्यांना दंड झाला, पण १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी मासिक चालविले. एका अनोळखी वाचकाला उत्तर देण्यासाठी कर्वे कोर्टाची पायरी चढले. मी मात्र समोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला स्टाफरूममधल्या हसण्याच्या भीतीने उत्तर दिले नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल फिरविला. संध्याकाळी फोन वाजला. “सर, आता उत्तर द्याल का? मला नको. माझ्या घरी द्या.”

जाण्यापूर्वी त्याने मला एक पुस्तक पाठविले: बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’. खिरे यांनी २००२ साली पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला होता. पुस्तक एसटीत वाचीतच मी गोदाकाठच्या त्या गावी पोचलो.

वडील ओसरीवर बसले होते. म्हणाले, “सर, एखादा चांगला डॉक्टर सांगा.” मी म्हणालो, “हा आजारच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच हे नाव रोगांच्या यादीतून काढले.” ते म्हणाले, “मग लग्न लावून देतो. आपोआप सुधारतो.” त्यांची थोरली लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. आत पाळण्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, “ज्या पोरीच्या गळ्यात त्याला बांधाल, तिलाही असाच एक बाप असेल.”

ते काहीच बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने दाराआडून आईने विचारले, “सर, लेकरू दोन वेळा नीट जेवतंय का?”

त्या दिवसापासून मी या कामात पडलो. परभणीत मिरवणूक काढायला माझ्यापाशी माणसे नाहीत, घोषणा मला जमत नाहीत. दरवर्षी वर्गात बिननावाच्या चिठ्ठ्यांची एक पेटी ठेवतो आणि प्रत्येक चिठ्ठीला सर्वांसमक्ष उत्तर देतो. दोनतीन घरी जाऊन आईबापांशी बोललो आहे. एका घरातून चहा न देता बोळवण झाली. सहकाऱ्यांत कुजबुज होते. लोक काय म्हणतील, अशी चिंता मी एकदा घरी व्यक्त केली, तेव्हा पत्नी म्हणाली, “म्हणावं, मुलं विचारतात, म्हणून सांगतो. मास्तरानं दुसरं करायचं काय?”

सगळे प्रश्न सुटलेले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, आणि हा विषय कायदेमंडळावर सोपविला. वडीलही अजून मुलाशी मोकळेपणी बोलत नाहीत.

पण गेल्या दिवाळीत तो दोन दिवस घरी येऊन गेला. परत निघताना आईने करंज्यांचे दोन डबे बांधले. एक त्याच्यासाठी. दुसरा कोणासाठी, हे तिने सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही. वडिलांनी मात्र दोन्ही डबे उचलून एसटीत ठेवले.