नॅनोकण, अर्बुद आणि आपली भस्मे

भस्मांच्या जाहिरातींत ‘नॅनो’ हा शब्द अलीकडे सर्रास दिसतो. कर्करोगावरील नॅनो-औषधे म्हणजे आपल्याच भस्मप्रक्रियेचा नवा अवतार, असेही काही वैद्यमित्र म्हणतात. तेव्हा हे शास्त्र मुळात काय आहे, ते पाहणे अगत्याचे आहे.

जपानमधील कुमामोतो येथील संशोधक हिरोशी माएदा व यासुहिरो मात्सुमुरा यांनी १९८६ साली एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. वेगाने वाढणाऱ्या अर्बुदातील नव्या रक्तवाहिन्या सदोष असतात. त्यांच्या भित्तीतील पेशींमध्ये फटी राहतात. निरोगी केशिकांतून सहसा बाहेर न पडणारे मोठे रेणू या फटींतून अर्बुदात झिरपतात आणि तेथील लसीकावाहिन्यांकडून निचरा नीट होत नसल्याने तेथेच साचतात. वाचकांना येथे खवैगुण्य व स्थानसंश्रय आठवेल. उपमा म्हणून ते ठीक, पुरावा म्हणून नव्हे.

डॉक्सोरुबिसिन हे औषध हृदयास घातक. इस्रायलमधील येचेझकेल बारेनहोल्झ व अल्बेर्टो गाबिझोन यांनी ते सुमारे १०० नॅनोमीटर आकाराच्या स्निग्ध पुटिकांत कोंडले आणि यकृत-प्लीहेतील भक्षक पेशींना चुकविण्यासाठी वर पॉलिमरचे आवरण दिले. अमेरिकेत त्यास १९९५ साली मान्यता मिळाली. हृदयावरील विषार घटला. तळहात-तळपायांच्या त्वचेचा दाह मात्र नव्याने पुढे आला.

दुसरे उदाहरण पॅक्लिटॅक्सेलचे. मुळात यू वृक्षाच्या सालीतून मिळालेले हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. एरंडतेलापासून बनविलेल्या विद्रावकामुळे रुग्णांना तीव्र ॲलर्जी होई. २००५ साली मान्य झालेल्या कल्पात ते अल्ब्युमिनशी जोडून सुमारे १३० नॅनोमीटरचे कण केले गेले आणि त्या विद्रावकाची गरजच संपली. (याच कुळातील हिमालयीन वृक्षाची पाने काही बाजारांत तालीसपत्र म्हणून विकली जातात. ती विषारी आहेत. औषधालयचालकांनी खरेदी करताना वनस्पतीची ओळख पटवूनच घ्यावी.)

मात्र अतिउत्साह नको. टोरंटोतील वॉरेन चॅन यांच्या गटाने २०१६ साली दहा वर्षांतील प्राणिप्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा दिलेल्या नॅनोकणांपैकी अर्बुदापर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के निघाले.

आता भस्मांकडे वळू. काही भस्मांत नॅनो आकाराचे कण आढळतात, हे खरे. रेखापूर्णत्व व वारितरत्व या परीक्षा सूक्ष्मतेकडेच निर्देश करतात. परंतु सूक्ष्मता म्हणजे लक्ष्यवेध नव्हे. वरील कल्प शिरेतून दिले जातात. त्यांत मोजलेले कर्करोगविरोधी द्रव्य असते, आकार व आवरण ठरवून दिलेले असते. मुखावाटे दिलेले भस्म अर्बुदात पोहोचते, असे सिद्ध झालेले नाही. निर्मात्यांनी हेही ध्यानी घ्यावे की १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या परिशिष्टात कर्करोगाचा समावेश आहे. वेष्टनावर ‘नॅनो’ छापल्याने त्यातून सुटका होत नाही.

आपल्याकडे येणारा रुग्ण बहुधा रसायनोपचार चालू असतानाच येतो. पिप्पली व मरीच यांतील पायपरीन, पॅक्लिटॅक्सेलच्या विघटनात भाग घेणाऱ्या यकृतातील एका विकरास अटकाव करते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. औषध रक्तात वाजवीपेक्षा जास्त काळ राहण्याची शक्यता त्यामुळे उद्भवते. अशा रुग्णास त्रिकटुयुक्त कल्प देण्यापूर्वी त्याच्या उपचारपत्रावरील औषधांची नावे वाचावीत आणि त्याच्या कर्करोगतज्ज्ञास तसे लेखी कळवावे.