जुनी कंबरदुखी : अंथरूण नको, हालचाल हवी

उसाची लागण, खांदणी, रात्रीचे पाणी, कंबर धरायचीच. पण ३ महिन्यांहून जुने दुखणे म्हणजे आत काही मोडलेच आहे, असे नव्हे. इजा भरून आली तरी मज्जातंतू हळवे राहतात, साध्या हालचालीनेही कळ येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली अशा कंबरदुखीवर व्यायाम सुचविला. कमरेचा पट्टा व वजन लावून ताण देणे हे नेहमीचे उपचार म्हणून नकोत, असे सांगितले. दुखले की निजायचे अन् बरे वाटले की दोन दिवसांचे काम एका दिवसात उरकायचे, ही खोड सोडा. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने रोज झेपेल तेवढे चाला, दर आठवड्याला थोडे वाढवा. मात्र पायातला जोर गेला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.