गाडी घासली, बंपर फुटला. क्लेम करायचा की मिस्त्रीकडे न्यायची? आधी हा हिशोब करा

भोकर : रात्रीच्या वेळी उसाच्या ट्रॉलीला गाडी घासते, शिवारातून रोही एकदम आडवा येतो, नाहीतर बाजाराच्या दिवशी मागे घेताना खांबाला ठोकर बसते. माणसाला काही होत नाही, पण बंपर फुटतो, पत्रा चेपतो. मग घरात एकच चर्चा. कोणी म्हणतं, "इन्शुरन्स कशाला भरतो मग? क्लेम टाक." कोणी म्हणतं, "मिस्त्रीकडून ठोकून घे." दोन्ही बरोबर असू शकतं. फरक फक्त हिशोबाचा आहे.

आधी पॉलिसी उघडून बघा

थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, पण त्यात समोरच्याचे नुकसान भरून मिळते, आपल्या गाडीचे नाही. आपल्या गाडीसाठी 'ओन डॅमेज' भाग लागतो. सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा मिळतो. त्यामुळे "आपला विमा चालू आहे" असे अनेकांना वाटते. ओन डॅमेज मात्र बऱ्याचदा एकच वर्षाचा असतो आणि कधीचाच संपलेला असतो. दोन्हीच्या तारखा वेगवेगळ्या बघा.

कंपनी सगळे बिल देत नाही

साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून निम्मी रक्कम कापली जाते. काचेला कपात नाही. पत्र्याच्या पार्टला गाडीच्या वयाप्रमाणे कपात लागते. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. रंगाच्या सामानालाही निम्मी कपात. शिवाय प्रत्येक क्लेमला १५०० सीसीपर्यंतच्या कारचे पहिले १,००० रुपये मालकाचेच. त्यापुढच्या कारला २,०००. 'झिरो डेप' घेतले असेल तर पार्टची कपात टळते, हे हजार-दोन हजार मात्र द्यावेच लागतात.

खरा फटका पुढच्या वर्षी

क्लेम केला नाही तर ओन डॅमेजच्या हप्त्यात सूट मिळते, तिला एनसीबी म्हणतात. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. एक क्लेम केला की ती शून्यावर येते. मग तो चार हजाराचा असो की चाळीस हजाराचा.

एक उदाहरण घ्या. चार वर्षे क्लेम नाही, सूट ४५ टक्के चालू आहे, ओन डॅमेजचा मूळ हप्ता ८,००० रुपये. ठोकर बसली, बिल झाले ९,००० : बंपर ४,०००, रंगकाम ४,०००, डेंटिंग १,०००. बंपरचे २,००० कापले. रंगकामात सामानाचा भाग चौथाई, म्हणजे १,००० धरतात. त्याचे ५०० कापले. वरचे सक्तीचे १,००० गेले. हातात आले ५,५००.

आता दुसरी बाजू. क्लेम केला नसता तर पुढच्या वर्षी ५० टक्के सूट, म्हणजे ४,००० वाचले असते. त्याच्या पुढच्या वर्षी २० ऐवजी ५० टक्के, म्हणजे आणखी २,४००. दोन वर्षांतच ६,४०० गेले, मिळाले ५,५००. तेच काम ओळखीच्या मिस्त्रीकडे स्वस्तात झाले तर क्लेम आणखीच तोट्याचा. 'एनसीबी प्रोटेक्शन' घेतलेल्यांनी मात्र त्याच्या अटी वाचून ठरवावे.

मिस्त्रीकडे काय, कंपनीकडे काय

ओरखडा, छोटा डेंट, बंपरची चीर ही कामे गावातच करता येतात. प्लास्टिक बंपर चेपला तर गरम पाणी ओतून आतून दाबला की बऱ्याचदा जागेवर येतो. पत्र्याचा रंग उडाला असेल तर पावसाळ्याआधी प्रायमर आणि टच-अप मारून घ्या, नाहीतर गंज धरतो.

पण रेडिएटर, हेडलाइट, स्टेअरिंग, ब्रेक, एअरबॅग, चेसीस यांना मार असेल तर जुगाड नको. गाडी एका बाजूला ओढत असेल, खाली पाणी गळत असेल तर ती चालवूही नका. असे बिल मोठे होते. तिथे क्लेमच परवडतो.

या चुका टाळा

• क्लेम करायचा विचार असेल तर गाडी खोलण्याआधी फोटो काढा आणि लगेच कंपनीला कळवा. सर्व्हेअरने बघण्याआधी दुरुस्ती केली तर क्लेम अडकतो.
• जुने डेंट नव्या अपघातात दाखवू नका. खोटी माहिती निघाली तर सगळाच क्लेम जातो.
• पांढऱ्या पाटीची गाडी लग्नाच्या भाड्याला गेली असताना ठोकली, ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हते किंवा तो प्यायलेला होता, तर क्लेम नाकारला जातो.
• विमा संपून ९० दिवसांत नवा केला नाही तर जमलेली सूट बुडते.

माणूस जखमी असेल तर हिशोब बाजूला

समोरच्याला लागले असेल तर आधी दवाखाना. पोलीस आणि विमा कंपनी दोघांनाही कळवा. कायदा तेच सांगतो. जागेवर पैसे देऊन 'मिटवले' आणि नंतर दावा दाखल झाला, तर कंपनी कळवले नसल्याचे कारण पुढे करू शकते. भरपाई लाखांत जाते, तेव्हा थर्ड पार्टी विमाच शेत वाचवतो.

कंपनीने क्लेम विनाकारण अडवला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करता येते.