पुण्यापासून बांधीपर्यंत

भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी लागली की घरातली मोठी माणसं सकाळीच बांधीवर, म्हणजे शेतात, जातात. घरातला एकुलता मोबाइलही त्यांच्या खिशातून जातो. २०२० च्या पावसाळ्यात कोरोनामुळे शाळांना कुलूप होतं, पाठ फोनवर येत होते आणि अशा घरातल्या पोराच्या हाती फोन पडायचा तो दिवेलागणीला. मग सकाळी अकराचा ऑनलाइन तास कुणासाठी?

हा प्रश्न पुण्यात बसून सुचत नाही. तो सुचावा म्हणून जिल्ह्यात 'डाएट' असते. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचं हे शिक्षकांच्या तोंडचं नाव. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर या संस्था देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत उभ्या राहिल्या. भंडाऱ्यात तिचं कार्यक्षेत्र तुमसर-मोहाडीपासून खाली पवनी-लाखांदूरपर्यंत, ७ तालुक्यांचं. पालकांना केंद्रप्रमुख ठाऊक असतात, गटशिक्षणाधिकारीही; डाएटचं नाव त्यांनी सहसा ऐकलेलं नसतं. मला याची खंत वाटते, कारण पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि गावची शाळा यांच्यामधला सांधा हीच संस्था आहे.

एप्रिल २०२० मध्ये परिषदेनं 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला सुरू केली. रोजचा अभ्यास व्हॉट्सअॅपवरून जिल्ह्याला, तिथून तालुक्याला, केंद्राला, शिक्षकाला आणि शेवटी पालकाच्या फोनवर. साहित्याचा मोठा साठा 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर होता. ते ५ सप्टेंबर २०१७ पासून चालू आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. कॅमेरा बिघडलेला असेल तर कोडखालची सहा अक्षरं टाइप केली तरी चालतं. जंगलाकडेच्या गावांसाठी याहून मोलाची सोय वेगळीच: रेंज असेल तिथे पाठ उतरवून घ्यायचा आणि गावात इंटरनेटशिवाय दाखवायचा. ज्या घरी साधाच फोन, पण टीव्ही आहे, तिथे २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका लागू लागली.

त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. चूल विझलेल्या घरी लिंक पाठवून काय होणार? तिथे शिक्षकानं स्वतः जाऊन पोराची विचारपूस करणं हाच त्या दिवसाचा पाठ. ऑनलाइन आणि प्रत्यक्ष शिकवणं जोडणाऱ्या मिश्र अध्ययनाच्या आराखड्यात ही भेट तासिकेइतक्याच ठळक अक्षरांत लिहिलेली असायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

भाषेचंही तसंच. इथलं लेकरू झाडीबोलीत वाढतं; त्याच्या तोंडी 'पाणी' नसतं, 'पानी' असतं. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिलं. वर्गात गुरुजी प्रमाण मराठी आणि घरची बोली यांत सहज ये-जा करतात. व्हिडिओला ते जमत नाही. म्हणून पहिली-दुसरीच्या पाठाआधी शिक्षकाच्या स्वतःच्या आवाजातली दोन मिनिटं हवीत. ती कशी रेकॉर्ड करायची, फोनमधली जागा न खाता कशी पाठवायची, हे शिकवणं डाएटचं काम आहे. शिक्षकांसाठीचं 'निष्ठा' प्रशिक्षण ऑनलाइन झालं तेव्हा शिक्षकही 'दीक्षा'वर विद्यार्थी होऊन बसले होते. अर्ध्यात अडकलेला व्हिडिओ काय असतो, हे त्यांना तेव्हापासून चांगलं ठाऊक आहे.

आता शाळा भरतात. तरी दर पावसाळ्यात ओढे चढतात, वाटा बंद होतात, रोवणी येते. केंद्रातल्या शाळांच्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते, तिथे त्या आठवड्यांचे पाठ जूनमध्येच उतरवून ठेवायला हवेत, आणि कुठल्या घरी फोन किती वाजता परततो, याची यादीही.