माळ्यावरील बिनबोलाविलेलें बिऱ्हाड

शेतांतील पिकाची राखण कशी करावी याविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. परंतु पीक घरांत आलें आणि पुढील सालचें बियाणें माळ्यावर चढलें म्हणजे राखण संपली, अशी समजूत आपणांपैकीं बहुतेकांची असते. माझीही होती. त्या समजुतीची किंमत मला भाताच्या बियाण्यानें द्यावी लागली. सबब तो अनुभव शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहें.

माझें घर संगमेश्वर तालुक्यांत आहे. भिंती जांभ्या दगडाच्या, वर मंगलोरी कौलें, आणि परसांतील फणसाची एक फांदी थेट पाख्यावर टेकलेली. नोकरींतून निवृत्त होऊन गांवीं आलों, त्या पहिल्याच फाल्गुनांत रात्रीं माळ्यावर पावलें वाजूं लागलीं. घरांतून सांगणें झालें कीं, “वर कोणी माणूस चालतो आहे.” बॅटरी लावून पाहतां आढ्यापाशीं दोन डोळे चमकले. तें उदमांजर होतें. कोणी त्यास कांडेचोरही म्हणतात.

महसूल खात्यांत हयात गेल्यामुळें बेकायदा कब्जा दिसला कीं तो उठविण्याची घाई मला होतेच. दुसऱ्या दिवशीं तिन्हीसांजेस जनावर बाहेर पडलेलें पाहिलें आणि सरकलेल्या कौलांची फट फळी ठोकून बंद केली. शेजारचे वृद्ध शेतकरी आबा खळ्यांत उभे होते. ते म्हणाले, “भाऊसाहेब, ती मादी असावी. आंत पिलें राहिलीं नाहींत ना, तें पाहिलेंत का?” मीं पाहिलें नव्हतें, आणि ठोकलेली फळी त्यांच्यादेखत पुन्हां उपटणें मला कमीपणाचें वाटलें.

त्या रात्रीं मादी परत आली. तिनें फळी सोडून शेजारचीं कौलें उचकटलीं. सहा कौलें खालीं येऊन फुटलीं; आमच्या आरडाओरडीनें ती पळाली. सकाळीं मीं घाईघाईनें दुसरीं कौलें बसवून वरून तार आवळली. पुढें दोन रात्री ती छपरावर फिरत राहिली, आणि आंतून बारीक चिरकणें ऐकूं येई. तो आवाज उंदरांचा असावा, अशी मीं मनाची समजूत घातली. तिसऱ्या रात्रीं दोन्ही आवाज थांबले. मग दुर्गंधि सुटली. कणगीमागें तीन पिलें मेलेलीं सांपडलीं. चैत्रांत वळवाची एक मोठी सर आली, ती त्या घाईनें बसविलेल्या कौलांमधून कणगींत उतरली. हें मला उशिरा, म्हणजे रोपवाटिका विरळ उगवली तेव्हां समजलें. लावणीसाठीं रोप शेजाऱ्यांकडून मागून आणावें लागलें.

यावरून पहिला धडा असा कीं, कब्जेदार कोण हें ठरविल्यावांचून हुकूम काढूं नये. माळ्यावर चार प्रकारचे प्राणी सामान्यतः आढळतात. काळ्या लांबट लेंड्या व कुरतडलेलीं पोतीं दिसलीं तर तो उंदीर होय. त्याची मादी सुमारें तीन आठवड्यांत विते व एका वेळीं सहा ते बारा पिलें देते. त्याच्या बाबतींत दिरंगाई नको, पिंजरे लावावे. आढ्याखालीं पडलेली लेंडी काठीनें दाबतांच भुगा होऊन आंत किड्यांचे पंख चमकले, तर त्या पाकोळ्या. फुत्कारण्याचा आवाज येत असेल, आणि केस व हाडें गुंडाळलेल्या गोळ्या पडल्या असतील, तर तें गव्हाणी घुबड होय. पाकोळी किडे खाते व घुबड उंदीर खातें. दोघेही आपल्या पिकाचे राखणदार आहेत. विष्ठेंत फळांच्या बिया दिसल्या व पाऊल जड वाजलें, तर तें उदमांजर समजावें. याचें वजन दोनपासून पांच किलोपर्यंत असतें. चिकू, आंबा, पपई, केळीं यांवर तें ताव मारतें, कोंबडीचीं पिलेंही नेतें. परंतु उंदीर व किडे हेंही त्याचें नित्याचें खाद्य आहे.

उदमांजर घालविण्याची रीत पुढीलप्रमाणें आहे. प्रथम दिवसा माळ्यावर पिलें आहेत का तें पाहावें. असल्यास हात लावूं नये. वर रात्रंदिवस दिवा ठेवावा, सामानाची हलवाहलव करावी. पुष्कळदां मादी स्वतःच पिलें तोंडांत धरून दुसरीकडे हलविते. न हलविल्यास पिलें तिच्यामागें बाहेर हिंडूं लागेपर्यंत दोनतीन महिने धीर धरावा. नंतर फटींत गवताचा सैल बोळा घालावा व खालीं राख पसरावी. तीन रात्री बोळा हलला नाहीं व राखेंत पाऊल उमटलें नाहीं, म्हणजे जागा रिकामी झाली. मगच अर्धा इंच भोंकाची जस्ती जाळी वाशांस खिळ्यांनीं ठोकावी. पाख्यापासून सातआठ फुटांच्या आंतील फांद्या तोडाव्या, खुराडें रात्रीं बंद ठेवावें आणि पिकलेलीं फळें झाडाखालीं पडूं देऊं नयेत. विष्ठा कोरडी झाडूं नये. तोंडास फडकें बांधून, साबणाचें पाणी शिंपडून मग काढावी.

विष घालण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. विष खाल्लेला उंदीर वाशाच्या सांदींत मरून सडतो. तो खाऊन मांजर व घुबड दगावण्याचा धोका असतो. शिवाय उदमांजर मारणें किंवा पिंजऱ्यांत पकडून ठेवणें हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वयें गुन्हा आहे. आपल्यानें निभत नसेल तर वनरक्षकास कळवावें.

यंदाच्या फाल्गुनांत पुन्हां पावलें वाजलीं. या वेळीं मीं आधीं आबांस बोलावून आणलें. कणगीमागें दोन पिलें होतीं. दिवा ठेवला, सामान हलविलें. चौथ्या रात्रीं मादी दोन्ही पिलें घेऊन गेली. बोळा व राख तीन रात्री जशीच्या तशी राहिल्यावर जाळी ठोकली आणि फणसाची ती फांदीही उतरविली. दोन दिवसांची मजुरी व जाळीची किंमत एवढाच खर्च आला. बियाणें कोरडें राहिलें.

वैशाखांत शाकारणीसाठीं आपण कौलें उतरवितोंच. त्याच वेळीं वळचण व आढें नीट पाहून, आंत कोणी नाहीं याची खात्री करून जाळी बसविल्यास वेगळा खर्च पडत नाहीं. फळी ठोकण्यापूर्वीं मात्र एकदां माळ्यावर चढून पाहावें, एवढीच या लेखकाची विनंति आहे.