माकणीच्या पाण्यावर शर्यतीचा रविवार

लोहारा तालुक्यात माकणीला निम्न तेरणा प्रकल्पाचा जलाशय आहे. परतीचा पाऊस चांगला झाला, की दिवाळीनंतरही तो काठोकाठ असतो. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या भागानं ते दिवस पाहिले, तिथं पाण्यावर पॉवरबोटींची शर्यत घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. शर्यत अजून झालेली नाही. खालचा दिवस आखणीतला आहे, त्यामागचे नियम मात्र खरोखरच्या शर्यतींतले आहेत. मी गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचं निवेदन करतो. त्यामुळे बोटींइतकंच माझं लक्ष काठावर बसणाऱ्या माणसाकडे आहे.

पहाटे 5

पहिलं काम वाऱ्याचं. शर्यतीची बोट पाण्यात बसत नाही, पाण्यावरून निसटत जाते. एफ वन एच टू ओ या जागतिक मालिकेतली बोट सुमारे सहा मीटर लांब असते. तिच्या पोटाखाली बोगद्यासारखी पोकळी असते, त्यात शिरलेली हवा तिला वर उचलते आणि ती ताशी 220 किलोमीटरच्या पुढं जाते. समोरून वाऱ्याचा झोत आला, नाक थोडं जास्त उचललं, की बोट उलटी होते. म्हणून वारा आणि लाटा मोजल्याशिवाय पुढचा एकही तास ठरवायचा नाही. नोव्हेंबरात आपल्याकडे सकाळी पाणी शांत असतं, हा फायदा.

सकाळी 6

आता मच्छीमारांसोबत होडीत. या जलाशयाचा तळ त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नाही. कुठं जुनी विहीर बुडाली आहे, कुठं बाभळीचे बुंधे अजून उभे आहेत, हे यंत्रानं खोली मोजण्याआधी त्यांना विचारावं. "तिकडं नगा जाऊ दादा, खाली झाडं हायेत," असं एखाद्या म्हाताऱ्यानं सांगितलं, की मार्ग तिथून हलवायचा. त्यावर वाद नको. जाळी आदल्या संध्याकाळीच काढलेली असतील, आणि त्या दिवसाचा त्यांचा बुडालेला रोजगार आयोजकानं शर्यतीआधी रोख द्यायचा. ही रक्कम खर्चाच्या यादीत सगळ्यात वर लिहिली आहे.

मग वळणांचे बोये. इथंच प्रेक्षक राहणार की जाणार, हे ठरतं. मोकळं पाणी भरपूर दिसतं, म्हणून आयोजक मार्ग लांबवर नेतात आणि काठावरच्या माणसाला नुसता फवारा दिसतो. 1908 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मोटरबोटींच्या तीन शर्यती होत्या. हवा इतकी वाईट होती, की प्रत्येक प्रकारात एकच बोट शेवटपर्यंत पोचली. एकट्या बोटीला कोण किती वेळ पाहणार? हा खेळ पुन्हा ऑलिम्पिकमध्ये आला नाही. म्हणून आमचा मार्ग आखूड, दोन किलोमीटरच्या आत. सगळ्यात तीव्र वळण लोकांच्या समोर, पण सुरक्षित अंतर राखून. धरणाच्या भिंतीवर कुणालाही बसू द्यायचं नाही. बैठक उताराच्या काठावर, आणि सूर्य पाठीशी येईल अशी.

8 वाजता

बोटींची आणि चालकांची तपासणी. चालकाला शिरस्त्राण, मानेचा आधार, जॅकेट लागतंच, पण एक परीक्षा त्याहून मोठी आहे. त्याला बोटीच्या कॉकपिटसारख्या सांगाड्यात पट्ट्यांनी बांधतात, पाण्यात उलटं करतात आणि तो स्वतः सुटून बाहेर येतो का ते पाहतात. जो सुटत नाही, तो शर्यतीत उतरत नाही. ही परीक्षा आधीच झालेली असते. मी मात्र ती सकाळी लोकांसमोर पुन्हा करून दाखवायला सांगेन. हे एकदा पाहिलेला माणूस दिवसभर त्या चालकाचा रंग आणि नंबर विसरत नाही.

9 ते 11

चालकांची सक्तीची बैठक, मग सराव, मग पात्रता फेरी. पात्रता फेरीत टप्प्याटप्प्यानं मागच्या बोटी गळत जातात, उरलेल्यांत सगळ्यात कमी वेळात फेरी मारणारा पहिल्या जागेवरून सुटतो. घड्याळाशी चाललेली ही लढत डोळ्यांना दिसत नाही, कारण दोन बोटींतला फरक सेकंदाच्या अंशाचा असतो. म्हणून काठावर मोठा काळा फळा हवा. शाळेतली पोरं शिडीवर चढून त्यावर प्रत्येक फेरीची वेळ खडूनं लिहितील. पडदा भाड्यानं आणता येतो, पण आपल्या गावची पोरगी वरचा आकडा पुसून नवा लिहिते, तेव्हा अख्खा काठ मान वर करतो.

दुपारी 12 ते 2:30

दिवसाचा हा भाग मला सगळ्यात जास्त छळतो. ऊन असतं, बोटी बाहेर काढलेल्या असतात, पाणी मोकळं असतं. माणसं जेवायला उठतात आणि परत येत नाहीत.

जत्रेतला कुस्तीचा फड माणसं कशी धरून ठेवतो? जोड आधी जाहीर होते. पैलवान कुठल्या गावचा, कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, हे निवेदक सांगतो. लहान कुस्त्या आधी, शेवटची मोठी इनामाची, आणि मध्ये हलगी थांबत नाही. हरलेला पैलवानही फडातून मान घेऊन जातो. इथल्या माणसाला खेळ बघायचा सराव आहे, त्याला फक्त कुणाला बघायचं ते सांगावं लागतं.

म्हणून दुपारी तीन गोष्टी. बोटी ट्रेलरवर काठाशी, दोरीच्या अलीकडे, लोकांच्या हाताच्या अंतरावर. चालक तिथंच उभे, पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देत: गाडीला ब्रेक कुठाय, गिअर कुठाय? (दोन्ही नसतात. वेग कमी करायचा तर पाय उचलायचा, बाकी पाणी करतं.) आणि ऐन पाण्यावर आमच्या मच्छीमारांची वल्ह्यांच्या होड्यांची शर्यत. सांगलीत कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यतींना काठ भरून माणसं येतात, ती ओळखीच्या नावांसाठी. माकणीचा, सास्तूरचा, लोहाऱ्याचा गडी पाण्यात असेल तर जेवणाचा डबा काठावरच उघडेल.

बोटी कुठल्या, हेही इथंच सांगतो. हा जलाशय लोकांची तहान भागवतो, त्यात पेट्रोल आणि ऑइल सांडणारी इंजिनं मला नकोत. विजेवर चालणाऱ्या बोटींची ई वन ही जागतिक मालिका फेब्रुवारी 2024 मध्ये जेद्दाहला सुरू झाली. तिची रेसबर्ड बोट पाण्याखालच्या पंखांवर उभी राहते, वेग ताशी साधारण 93 किलोमीटर, मागं लाटही थोडीच. प्रत्येक संघात एक पुरुष आणि एक स्त्री चालक असतात. एका संघाच्या मालकांत विराट कोहली आहे. हे नाव माकणीच्या काठावर घेतलं, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. पण कोहलीच्या नावानं आलेला माणूस दुसऱ्या फेरीपर्यंतच थांबतो. त्याला चौथ्या फेरीपर्यंत थांबवायचं काम निवेदकाचं.

3 वाजता

सुरुवात. एफ वन एच टू ओमध्ये बोटी तराफ्याला पाठ लावून, इंजिन बंद ठेवून उभ्या असतात. लाल दिवे विझले, की सगळी इंजिनं एकदम पेटतात आणि पहिल्या बोयाकडे झेप. पहिल्या वळणावर जो पुढं, त्याला स्वच्छ पाणी मिळतं. मागच्यांना त्याच्या लाटा आणि फवारा. अर्धी शर्यत तिथंच ठरते, म्हणून हे दिवे विझण्याआधीच लोकांना सांगून ठेवावं. नाहीतर ते क्षणात निसटतं.

चालकाला मागचं जवळपास काही दिसत नाही. उंचावर उभा असलेला त्याचा रेडिओवाला सांगतो, तेव्हा तो वळतो. त्या रेडिओवाल्याचं मचाण मी लोकांच्या शेजारी ठेवीन आणि त्याचा आवाज काही मिनिटं भोंग्यावर सोडीन. मग पुढच्या बोटीइतकीच चौथ्या-पाचव्या जागेची झुंज रंगते, आणि पुढं एकटी पळणारी बोट पाहून कंटाळा येत नाही.

एखादी बोट उलटली, की पिवळा झेंडा. बचाव बोटीतले पाणबुडे सेकंदांत तिथं पोचले पाहिजेत, त्यासाठी बचाव बोटी प्रत्येक वळणाजवळ आधीच उभ्या हव्यात. अशा वेळी निवेदकानं गप्प बसायचं नाही आणि अंदाजही सांगायचा नाही. "पाणबुडे पोचले. चालक बाहेर आला. डॉक्टर बघतायत." खात्रीचं तेवढंच, पण लगेच. काठावर आया-बाया, पोरं बसलेली असतात. भोंगा शांत झाला की त्यांच्यात अफवा पसरते, आणि एकदा विश्वास गेला की पुढच्या वर्षी ते येत नाहीत.

संध्याकाळी 5

बक्षिसं पाण्याच्या काठावरच, हॉलमध्ये नाही. भाषणं नकोत. विजेता काठानं चालत जाईल, होड्यांच्या शर्यतीतला विजेता त्याच्याबरोबर. लोहाऱ्यात रेल्वे नाही, लोक एसटीनं, जीपनं, दुचाकीनं आलेले. अंधार पडायच्या आत ते रस्त्याला लागले पाहिजेत.

7 वाजता

बोये काढणं, काठ झाडणं, पाण्याचे नमुने घेणं. सकाळच्या आणि संध्याकाळच्या नमुन्यांचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे.

मार्च 2017 मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींची शर्यत झाली. नोव्हेंबर 2018 मध्ये विजयवाड्याला कृष्णेच्या पात्रात एफ वन एच टू ओची फेरी झाली. ती कृष्णा आपल्या महाबळेश्वरची. दोन्ही ठिकाणी लोक जमले, पण दरवर्षीची प्रथा काही पडली नाही. कारणं वेगवेगळी असतील. मला एक दिसतं: बाहेरून आलेल्या त्या शर्यतींत त्या पाण्याकाठच्या माणसाचा स्वतःचा गडी नव्हता. माकणीत पहिल्या वर्षी विजेच्या दोनच बोटी आणल्या तरी चालतील, प्रदर्शनापुरत्या. होड्यांची शर्यत मात्र पूर्ण हवी, इनामासह. मच्छीमार संस्थेनं, जलसंपदा खात्यानं आणि आमच्या ग्रामपंचायतींनी येत्या पावसाळ्याआधी एकदा एकत्र बसावं. आखणीचा कागद घेऊन मी येईन.